डाव्या मनोऱ्यावरचं खोटं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं, खोटं घड्याळ आहे. खोटं हा माझा दोष नव्हे, हुद्दा आहे.

गोझो बेटावरच्या आमच्या गावात चर्चला दोन मनोरे आहेत. उजवीकडे माझा भाऊ. तो टिकटिक करतो, टोले देतो आणि खरी वेळ सांगतो. डावीकडे मी. एका रंगाऱ्यानं मला पिवळ्या दगडावर रंगवलं आणि माझे काटे अकराला दहा कमी असताना कायमचे थांबवले. प्रार्थनेची आणि मरणाची खरी वेळ सैतानाला कळू नये, म्हणून ही योजना. गावकरी उजवीकडे बघतात, सैतान डावीकडे. तो कधी वेळेवर पोहोचल्याची तक्रार अजून आलेली नाही. भावाला किल्ली लागते, तेल लागतं. मला काहीच लागत नाही. तरी कौतुक त्याचंच. असो.

पण गावात कोणाची घटका भरत आली, की घरचे माझ्या बाजूची खिडकी उघडतात. हा मान खऱ्या घड्याळाला कधी मिळाला नाही.

मग प्रवासी येऊ लागले. टेकडीवरची, पिरॅमिडांहून जुनी देवळं बघायची, किल्ला चढायचा आणि घामाघूम होऊन माझ्यासमोर चीज भरलेल्या गरम, खुसखुशीत पास्तिझी खात बसायचं, हा त्यांचा क्रम. गेल्या उन्हाळ्यात एका बाईंनी माझ्याकडे बघून निवांत दुसरी बशी मागवली आणि त्यांची बोट चुकली. त्या थेट आमच्या नव्या पाद्रीबाबांवर, दुन साल्वुंवर, चालून गेल्या. दुन म्हणजे आमच्याकडचं ‘फादर’. दुन साल्वु शिकलेले आणि भिडस्त. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नेनू रंगाऱ्याला बोलावलं.

“जग हसतंय आपल्याला. पुसून टाक.”

नेनूनं शिडी लावली आणि माझ्या मोठ्या काट्यावरून चुन्याचा पहिला हात फिरवला. इतक्यात समोरच्या घरातून जिझा पळी घेऊनच बाहेर आली. तिचा थोरला भाऊ टोना आत अंथरुणाला खिळला होता, आणि खिडकी उघडी होती.

“नेनू, मेल्या, उतर खाली! माझा टोना अजून जायचाय!”

“मावशी, मी काय करू? दुन साल्वुंनी सांगितलंय.”

दुन साल्वु लगबगीनं आले. “जिझाबाई, अहो, सैतान काय घड्याळ बघून येतो?”

“तुम्ही शिकलात, तुम्हाला ठाऊक. टोना नाही शिकला. त्याला त्या खिडकीतून तेवढंच दिसतं.”

 दुन साल्वु मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आत गेले. मला टोनाचा आवाज ऐकू आला. बारीक आणि घाबरलेला.

“दुन, मोठा काटा कुठं गेला? आता तो कधीही येईल की हो!”

 मग खिडकीतून दुन साल्वुंचं डोकं बाहेर आलं.

“नेनू! काटा परत रंगव!”

“किती वाजलेले काढू, दुन? खरी वेळ काढू?”

“गाढवा, अकराला दहा कमी! कायम काय होतं तिथं?”

अख्ख्या चौकानं ऐकलं. माझ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या आवाजात कोणी माझी वेळ सांगितली नव्हती, तीही पाद्रीबाबांनी. नेनूनं चुना खरवडून काळ्या रंगानं काटा ओढला. आधीपेक्षा जरा जाड आला. मला शोभतो.

आतून टोना म्हणाला, “हं. आता आहे वेळ.”

दुपार कलताना माझ्या भावानं संथ टोले दिले. टोना शांतपणे गेला. त्याच्या खिडकीसमोर मी मात्र अकराला दहा कमीच दाखवत होतो, मान ताठ ठेवून.

पुढच्या आठवड्यात आणखी एका प्रवाशाची बोट चुकली. तोही तणतणत आला. दुन साल्वु या वेळी जराही लाजले नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “ते घड्याळ तुमच्यासाठी नाही.”

तेव्हा मित्रांनो, जुनी गावं बघायला जरूर या. तिथं काही चुकीचं दिसलं, तर ते पुसायला सांगण्याआधी समोरच्या घरात एकदा विचारा. आणि बोटीची वेळ उजवीकडे बघा. डावीकडे मी कामात आहे.