रेणूने जोडलेलं मशीन

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तर गेमिंग कॉम्प्युटर घेऊन देईन, हा शब्द प्रमोदरावांनी रेणूला स्वतःहून दिला होता. प्रवेश मिळाला, त्यामुळे मागे फिरायचा प्रश्नच नव्हता. वाद वेगळाच होता. नारायणगुड्यात आजोबांपासून वकिली चालत आलेलं घर. प्रमोदरावांना दुकानातून सीलबंद, गॅरंटीसकट आलेली वस्तू हवी होती. लेकीला मात्र सगळे भाग सुटे आणून मशीन स्वतःच्या हाताने जोडायचं होतं.

"उद्या बंद पडलं तर कोणाला धरायचं?" प्रमोदरावांनी विचारलं.

"मला धरा," रेणू म्हणाली.

"तू काय कंपनी आहेस?"

"बाबा, गौलीगुड्याच्या बबलूदादाने रेडीमेड आणला ना. बाहेरून काच, आत लाल-निळे दिवे, नुसता नवरदेव. ग्राफिक्स कार्ड चांगलंय त्यात, पण पॉवर सप्लाय कुठला ते त्यालाच ठाऊक नाही. पुढे काही वाढवायचं म्हटलं तर मदरबोर्डवर जागा नाही. मला आत काय आहे ते माहीत असलेलं मशीन पाहिजे."

हा मुद्दा प्रमोदरावांना पटला. न वाचता खरेदीखतावर सही करणाऱ्या पक्षकारांवर ते आयुष्यभर ओरडत आले होते.

सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारातून एकेक खोका घरी आला. एका रविवारी सकाळी रेणूने जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. तिच्या आईने, रुपालीने, लोणच्याच्या बरण्या उचलून टेबल कोरडं पुसून दिलं. स्क्रू आकाराप्रमाणे आमटीच्या वाट्यांत पडले. प्रमोदराव पेपर घेऊन शेजारीच बसले होते, पण त्यांचं पान काही उलटेना. रेणू कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला बोटं टेकवत होती.

"हे काय, नमस्कार?"

"अंगातली वीज उतरवते. नाहीतर चिप जळू शकते."

प्रोसेसर तिने चिमटीत धरून जागेवर नुसता ठेवला. दाबला नाही. बरोबर ठेवला की आपला आपण बसतो, म्हणाली. चहा निवून गेला तरी तिला कळलं नाही. एरवी स्वतःची चप्पल जागेवर न ठेवणारी ही पोरगी एकेक वायर मागच्या बाजूने वळवून अशी नीट बांधत होती, की प्रमोदरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

दुपारी जोडणी संपली. रेणूने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन मात्र काळाच राहिला.

'मी सांगितलं होतं' हे वाक्य प्रमोदरावांच्या जिभेवर आलं होतं. लेकीचं तोंड पाहून त्यांनी ते गिळलं. ती उठली, वीज बंद केली आणि कॅबिनेटची काच पुन्हा उघडली.

"आता काय करणार?"

"काहीतरी एक चुकलंय. बहुतेक माझंच. एकेक करून बघते."

तिने आधी वायरी पाहिल्या, मग स्क्रीनची जोडणी. सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा तिने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकच लावली. स्क्रीन उजळला. रुपाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. पण रेणूने मशीन परत बंद केलं, पहिली पट्टी काढून त्याच खाचेत दुसरी लावली. काळोख. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. तिथेही काळोख.

"पट्टीच खराब आलीये," ती म्हणाली.

"कशावरून?"

"बाकी सगळं तेच ठेवलं, बाबा. फक्त पट्टी बदलली."

एका दमात दहा प्रश्न विचारून साक्षीदाराला मोकळं सोडणारे ज्युनिअर प्रमोदरावांच्या डोळ्यांपुढे आले. हिला हे कोणी शिकवलं असेल?

सोमवारी संध्याकाळी दोघं दुकानात गेले. दुकानदाराने पट्टी उलटसुलट केली. "घरपे जोडे तो ऐसाइच होता, सार. बच्ची के हात से बिगडी होंगी. रेडीमेड लेना था."

प्रमोदरावांचा आवाज चढला. नोटिशीची भाषा सुरू होणार, एवढ्यात रेणूने त्यांच्या कोपराला हात लावला.

"अंकल, तुमारे मशीन में लगाके देखो ना. चली तो मैं चुप लेके जाती."

दुकानदाराने लावून पाहिली. काही दिसेना. पुसून पुन्हा लावली, तरी तेच. मग त्याने कपाटातून नवी पट्टी काढली, आपल्याच मशीनवर चालवून दाखवली आणि रेणूच्या हातात दिली.

"मी नोटीस दिली असती," गाडीत बसल्यावर प्रमोदराव म्हणाले.

"मग पट्टी दिवाळीनंतर मिळाली असती," रेणू म्हणाली. ते मनापासून हसले.

त्या संध्याकाळी मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पडद्यावर डोंगर उभे राहिले, पाण्यात त्यांची सावली हलू लागली. खेळातलं प्रमोदरावांना ओ की ठो कळलं नाही, तरी जेवायची हाक येईपर्यंत ते खुर्ची ओढून बसून राहिले.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. "आमची रेणू जोडून देईल," असं त्यांनी कारकून नामदेवरावांना ऐटीत सांगूनही टाकलं. रेणू मात्र नाही म्हणाली.

"ऑफिसला रेडीमेडच घ्या. कोर्टाच्या तारखेला बिघडला, तर कंपनीचा माणूस तिथे आला पाहिजे. मी तेव्हा परीक्षेला बसलेली असेन. आणि तुम्हाला त्याच्यावर नुसते अर्जच टाईप करायचेत."

प्रमोदरावांचा चेहरा जरा उतरला. हौस म्हणून का होईना, ती हो म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. मग त्यांनी नामदेवरावांना फोन लावला. "रेडीमेड मागवा," ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून त्यांनी जोडलं, "रेणूचा सल्ला आहे."