चौदा नंबरची होडी

समुद्र माणसाला हाक मारतो, आणि ती हाक एकदा कानावर पडली की माणसाला जमिनीवर चैन पडत नाही. हिंमतरावांना ती हाक मुळशीकडच्या एका बंद पडलेल्या बोट क्लबच्या लिलावात ऐकू आली. तिथे ते खरं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या बघायला गेले होते.

खुर्च्या गेल्या दुसऱ्यालाच. हिंमतराव चारचाकी गाड्यावर ठेवलेली डिझेल इंजिनाची पांढरी होडी घेऊन कर्वेनगरला परतले, आणि बी विंगच्या पार्किंगमध्ये आपल्या चौदा नंबरच्या जागेवर तिला उभी केली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस योगासनं करतो, फार तर गाण्याच्या क्लासला जातो. राधाबाईंनी होडीकडे बघून एवढंच विचारलं, "अहो, ही धुवायची कोणी?"

पण हिंमतराव मूळचे भंडाऱ्याचे, तळ्यांच्या जिल्ह्यातले. पुण्यात हयात गेली, तरी रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते होडीत चढत आणि सुकाणूशी बसत. समोर बारा नंबरच्या जागेची भिंत असे. तिच्याकडे ते लांबवरचा किनारा बघावा तसे बघत. होडी अजून पाण्यात गेलेली नव्हती, कारण इंजिन कात्रजच्या एका गॅरेजात उघडून पडलं होतं.

अशात सोसायटीच्या सभेत ठराव झाला: बंद वाहनाला पार्किंगमध्ये जागा नाही. ज्याचं वाहन चालू आहे, त्याने दसऱ्याला दुपारी बारा वाजता ते कमिटीसमोर सुरू करून, फाटकाबाहेर नेऊन, परत आणून दाखवावं. सेक्रेटरी मेश्राम सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शब्द मोजून वापरायचे.

"मेश्रामसाहेब, ही होडी आहे. फाटकाबाहेर कशी जाईल?"

"आत कशी आली?"

जागा गेली तर होडी ठेवायला दुसरीकडे कुठे वीतभर जमीन नव्हती, आणि भंगारवाला एकदा येऊन तिच्या बुडावर टकटक करून गेला होता. त्या टकटकीनंतर हिंमतरावांना दोन घास कमीच गेले.

अष्टमीला इंजिन टेम्पोतून आलं. गणपती मंडळाच्या मांडवाचे बांबू अजून मागच्या बाजूला पडून होते. त्यांची तिपाई उभी करून, चेनपुली अडकवून ते उचलायचं ठरलं. मदतीला वरच्या मजल्यावरचे दत्तप्रसाद आले. दत्तप्रसादांनी आयुष्यभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या होत्या, आणि जगातली बहुतेक दुःखं सपाटी नीट न मिळाल्यामुळे होतात असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

इंजिन हवेत झुलत झुलत होडीच्या पोटात उतरलं. खाली चार रबरी पाय होते, प्रत्येकात एक बोल्ट आणि बोल्टवर नट. नट फिरवला की तो कोपरा वर किंवा खाली. चारही पाय चारही भोकांत पहिल्या खेपेला बसले, तेव्हा हिंमतरावांना आपल्या लग्नात सगळं वेळेवर झालं होतं त्याची आठवण झाली.

"थांबा," दत्तप्रसाद म्हणाले आणि खिशातून पाणसळ काढली. "हे बघा, बुडबुडा कुठे पळालाय. मागची बाजू पडलीय."

"पडू द्या की थोडी."

"थोडी म्हणता? अहो, उद्या यावर चहाचा कप ठेवलात तर सांडेल!"

इंजिनावर चहाचा कप कशाला ठेवायचा, हे विचारायचं हिंमतरावांना सुचलं नाही. दोघांनी मिळून मागचे नट वर घेतले, पुढचे खाली घेतले, पुन्हा मागचे वर घेतले. काळोख पडता पडता बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन बसला. दत्तप्रसादांनी एक पाऊल मागे जाऊन इंजिनाकडे पाहिलं, जसं ते नव्या स्वयंपाकघराकडे पाहत.

मग राहिलं शेवटचं: इंजिनाच्या मागची तबकडी पंख्याच्या दांड्याच्या तबकडीला जोडणं. दांडा होडीच्या तळातून तिरका खाली, पाण्याकडे जात होता. इंजिन ताठ आडवं होतं. दोन तबकड्या एकमेकींकडे नवीन जावेनं जुनीकडे बघावं तशा बघत होत्या. खाली टेकल्या होत्या, वर दोन बोटं जागा होती.

दत्तप्रसादांनी वाकून दांड्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे दांडा चुकलाय," दत्तप्रसाद म्हणाले.

"काहून चुकन दांडा?" हिंमतराव कडाडले. संताप आला की भंडारा असा अवचित बाहेर येई. "पंखा पाण्यात फिरवाचा हाय, हवेत नाही! तिरपाच पाहिजे तो. इंजिनच तिरपं पाहिजे!"

दत्तप्रसादांनी पाणसळ खिशात घातली. "तिरपं करायला मला बोलावू नका," म्हणाले, आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव नट फिरवायचे पाने घ्यायला गॅलरीत गेले, तर पान्यांची पेटी रिकामी. दिवाणखान्यात पाटावर सगळे पाने आकाराप्रमाणे मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू, मध्ये झेंडूचं फूल. खंडेनवमी होती.

"राधा, सतराचा पाना तेवढा उचलतो."

"उचला की," राधाबाई शांतपणे म्हणाल्या. "दसऱ्याची पूजा झाली की उचला."

"उद्या बाराला तपासणी आहे!"

"अहो, वर्षातून एक दिवस हत्यारांना सुट्टी असते. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला सुट्टीचं मी काय सांगावं?"

हिंमतराव सोसायटीभर फिरले. ज्याच्या घरी पाना होता, त्याच्या घरी तो पाटावर होता. एका घरात तर ड्रिल मशीनला गजरा घातलेला. दत्तप्रसादांकडे पाणसळीसमोर समई लावली होती. तिथे हिंमतराव दारातूनच परतले. शेवटी एकच घर उरलं, जिथे खंडेनवमी पाळत नसत. त्यांनी दारावरची पाटी दोनदा वाचली आणि बेल वाजवली.

मेश्राम स्वतः दार उघडायला आले. "बोला."

"सतराचा पाना हवा होता."

"कशाला?"

"उद्याच्या तपासणीसाठी."

"म्हणजे मी तपासायचं ते माझ्याच पान्याने दुरुस्त करणार." मेश्राम आत गेले आणि पाना घेऊन आले. "ऑइल पुसून परत द्या. आणि हिंमतराव, पान्याची मदत झाली म्हणून तपासणीत सूट नाही."

नवमीचा दिवस हिंमतरावांनी होडीच्या पोटात पालथं पडून काढला. मागचे नट अर्धा फेरा खाली. बघायचं. पुढचे वर. पुन्हा बघायचं. फट कधी डावीकडे पळे, कधी उजवीकडे. शेवटी वर, खाली, दोन्ही बाजूंना फटीत बसचं तिकीट सारख्याच कष्टानं आत जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी बोल्ट आवळले आणि तिथेच पडल्या पडल्या डोळे मिटले. राधाबाई वरून वाकून म्हणाल्या, "जेवायला येताय, की ताट खाली धाडू, कप्तान?" कप्तान हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. हिंमतरावांनी तो ऐकला नाही असं दाखवलं आणि पुढे दोनदा "काय म्हणालीस?" म्हणून विचारलं.

दसऱ्याला बारा वाजता निम्मी सोसायटी खाली जमली. इंजिनाला थंड राहायला पाणी लागतं म्हणून बादलीत नळी सोडली. हिंमतरावांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ए विंगच्या वाळत घातलेल्या चादरींना नमस्कार करून आला, आणि मग इंजिन टुक टुक टुक करत असं चालू झालं की खुद्द दत्तप्रसादांनी टाळी वाजवली.

"चालू आहे," मेश्राम म्हणाले. "आता बाहेर."

इंजिन बंद करून गाडा दत्तप्रसादांच्या जीपला बांधला. होडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या डेअरीला वळसा घालून आली. हिंमतराव सुकाणूशी उभे होते. रस्त्यावरची पोरं ओरडत होती, एका रिक्षावाल्याने "काका, गोव्याला किती घेणार?" विचारलं, आणि हिंमतरावांनी त्याला अत्यंत गंभीरपणे हात केला.

होडी पुन्हा फाटकातून आत आली. मेश्राम पार्किंगच्या तोंडाशी उभे होते.

"तपासणीत पास," ते म्हणाले. "अभिनंदन." आणि बाजूला सरकले.

चौदा नंबरमध्ये एक लाल मोटार उभी होती. तिचे मालक ए विंगमध्ये पाहुणे म्हणून आले होते आणि नुकतेच पानावर बसले होते. जेवण श्रीखंडाचं होतं.