जंताच्या औषधाचं शेण

मंगळवारी सकाळी रुख्माबाईने गांडूळखताच्या तिसऱ्या बेडवरचा ओला बारदाना उचलला आणि तो हातात धरून ती तशीच उभी राहिली.

“अजी लहानूभाऊ, इकडे या. हातातलं टाका अन् या.”

लहानू टाक्यावर बादली भरत होता. नळ चालूच ठेवून तो आला. गांडुळं वर येऊन पडली होती. पांढुरकी, लिबलिबीत, हालचाल नाही. काही विटांच्या कडेवरून बाहेर पडून जमिनीवर वाळली होती. गांडुळं आपण होऊन उजेडात येत नाहीत. ही आली होती, म्हणजे आत राहवलं नसणार. चौथा बेड तसाच, पाचवाही तसाच. दहापैकी आठ बेड गेले. कोपऱ्यातल्या दोन जुन्या बेडांत तेवढी वळवळ होती.

“शनिवारी मोतीलालशेट येऊन राह्यले ना?” रुख्माबाईने विचारलं.

“हो.”

“मंग आता त्याइले काय दाखवता?”

लहानू नळ बंद करायला गेला.

दोन हजार तीन सालचा नोव्हेंबर होता. कांता जाऊन पाच महिने झाले होते. तळेगावातलं हे शेड तिचं; रुख्माबाई पहिल्यापासून तिच्या हाताखाली काम करायची. वर्ध्याला तीन दिवसांचं शिक्षण घेऊन तिने डब्यातून मूठभर गांडुळं आणली, त्याला पाच वर्षं झाली. लहानू तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात परिचर होता आणि बायकोच्या या उद्योगाला हसायचा. पण पहिल्या वर्षी खत नेलेले संत्र्याचे बागवाले दुसऱ्या वर्षी आपण होऊन आले. आर्वीचे मोतीलालशेट बी-बियाण्याच्या दुकानात तिच्या थैल्या ठेवू लागले. तिच्या मौतीनंतर भेटायला आले तेव्हा शेट म्हणाले होते, “लहानूजी, नागपुराकडे गांडुळाच्या कंपन्या लय निघून राह्यल्या. त्या गांडुळंच इकतात. आज एकाले, उद्या दुसऱ्याले. खत कोणी घेत नाई. नवा माणूस भेटला नाई की कंपनी बसली. तुमचं तसं नाई. तुमचं खत इकल्या जाते, अन् नेलेला माणूस परत येते. इथं पैसा लावाले हरकत नाई. चाळीस बेड करू, कंपनीले कांताबाईचं नाव देऊ.”

ते नाव लहानूच्या डोक्यात बसलं. घरात त्याला दोन घटका बसवत नव्हतं. तो शेडवर यायचा, शेडवरून घरी, पुन्हा शेडवर. शेट यायच्या आत दहा बेड भरलेले दिसावेत म्हणून पाचाचे दहा केले. मग शेण पुरेना.

“हे शेण कुठलं होतं?” रुख्माबाईने विचारलं.

“गोशाळेतलं. दोन ट्रॉल्या. जुने दोन बेड सोडून सगळीकडे घातलं.”

“तिथं त तुम्ही डॉक्टरसंगं गेलते. औषध पाजाले.”

“हो.”

“कायचं औषध?”

लहानूने बादली खाली ठेवली. साठ गाई होत्या. नव्या डॉक्टरला हाताखाली जाणता माणूस हवा होता, त्याने लहानूला बोलावणं पाठवलं होतं. अठ्ठावीस वर्षांची सवय. एकेका गाईचं तोंड धरून त्याने स्वतः औषध ओतलं होतं. निघताना अंगणात शेण साचताना दिसलं, आणि चार दिवसांनी ते उचलायला त्याने ट्रॅक्टर पाठवला.

“जंताचं,” तो म्हणाला.

रुख्माबाईला आधी हसू आलं. मग तिने तोंडावर पदर घेतला. “बाप्पा! गाईच्या पोटातले जंत माराचं औषध, अन् तेच शेण गांडुळाले! वहिनी पारखल्याबिगर पाटीभर शेण आत येऊ देत नवती. तुम्ही काऊन नाई पारखलं?”

“घाई होती.”

“कोणाले? गांडुळाले त नवती.”

दुपारी तो एसटीडीच्या दुकानात गेला आणि नागपूरच्या एका कंपनीचा नंबर लावला. तिकडचा माणूस हिंदीत म्हणाला, पाहिजे तितकी मिळतील, किलोवर देऊ, शुक्रवारी सकाळी ट्रॅव्हल्सने पोचतील. वरचा थर काढायचा, नवी गांडुळं पसरायची, बारदाना झाकायचा. शनिवारी कोणाला काही कळलं नसतं. लहानू म्हणाला, उद्या सांगतो.

बुधवारी सांगितलं नाही. दिवसभर तो चालत होता. हमरस्त्याने आर्वीच्या फाट्यापर्यंत जायचा, एसटी थांबली की बघायचा, परत फिरायचा. रुख्माबाईने भाकरी आणून दिली, ती बांधलेलीच राहिली. एकदा तो दुकानापर्यंत गेला, फोन उचलला आणि ठेवला. दुकानदार म्हणाला, “काका, लावाचा नसन त दुसऱ्याले लावू द्या.”

गुरुवारी पहिल्या एसटीने तो आर्वीला गेला. शेट दुकानाचं शटर वर करत होते.

“शनिवारी मी येनार होतो ना जी?”

“तुम्ही याच्या आधी सांगाले आलो. आठ बेड मेले.”

शेटने त्याला आत बसवलं, चहा सांगितला आणि सगळं ऐकून घेतलं.

“औषध कोणी पाजलं?”

“मीच.”

“अन् शेण कोणी आणलं?”

“मीच.”

“म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच.” शेट हसले नाहीत. “मले हे शनिवारी दिसलं असतं काय?”

“नवी आणून टाकली असती त दिसलं नसतं.”

“मंग काऊन सांगून राह्यले?”

“खाली शेण तेच हाये, शेटजी. नवी बी मेली असती. तुमचे पैसे लागल्यावर.”

शेट म्हणाले, “लहानूजी, वाईट वाटून घेऊ नका. मी गांडुळात पैसा लावत नवतो. कांताबाईच्या हातात लावत होतो. त्या गेल्या, तरी ते काम तुम्हाले येत असन असं धरून चाललो. माह्यं चुकलं. चाळीस बेडावर उद्या गावातल्या धा बाया कामाले येतीन. त्याइनं कांताबाईले पाह्यलेलं नसन. त्याइले हे कोण सांगन?”

“मी सांगीन.”

“तुम्ही औषध पाजाले गेले त?”

लहानूने चहाचा कप खाली ठेवला.

“एक काम करा. त्या कसं करत होत्या ते लिहून आणा. वाचून परक्या माणसाले जमलं पाह्यजे. मार्चपर्यंत मी दुसरीकडे पैसा लावत नाई. वही आली त कंपनी. नाई त तुमचे दोन बेड अन् माह्यं दुकान, चाललं तसं चालू द्या.”

लहानूने आर्वीतच वही घेतली. विषारी शेण दूर टाकून दिलं, आठ बेड धुऊन वाळवले. रोज संध्याकाळी तो आणि रुख्माबाई शेडमध्ये बसायचे. ती सांगायची, तो लिहायचा. सावली किती हवी. पाणी किती शिंपडायचं. मुंग्या कशा अडवायच्या. खत चाळायचं कधी. आठ पानं झाली. मग शेण पारखणं आलं.

“गाडग्यात शेण घ्याचं,” रुख्माबाई म्हणाली. “दहा गांडुळं टाकाची. दोन दिवसांनी उलटं करून पाहाचं.”

“जिती असली त शेण चांगलं. लिहू?”

“थांबा. कधी कधी दहाच्या दहा जिती राहात, तरी वहिनी म्हणे, राहू द्या, हे शेण नको. अन् ते फेकून बी देत नवती, पुढच्या महिन्यात तेच शेण घेत होती.”

“काय पाहून म्हणे?”

“मी कधी इचारलं नाई. मले वाटे, त्याइले समजते. तुम्हाले नाई सांगितलं कधी? घरात?”

लहानूने खूप आठवून बघितलं. एकतीस वर्षांचा संसार. जेवताना ती गांडुळांचंच बोलायची आणि तो ताटाकडे बघत हूं म्हणायचा.

फेब्रुवारी संपत आला आहे. त्याने चार गावांतलं शेण आणून बघितलं, वर्ध्याच्या शिक्षणवाल्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, जिवंत राहिली म्हणजे चांगलं. वहीत नववं पान कोरं आहे. दहाही जिवंत असताना कांता काय बघून नको म्हणायची, ते लिहायचं राहिलं आहे.