मामींनी मला पॉलिश केलं तेव्हा

मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलंत की इंजिनाच्या कुशीत एका तोंडाची आणि चार पायांची अॅल्युमिनियमची नळी दिसेल, तोच मी. माझ्या डोक्यावर कार्बोरेटर बसतो. तो हवेत पेट्रोल मिसळतो आणि मी ते मिश्रण इंजिनाच्या चार सिलिंडरांना वाटून देतो. घरात चौघांना जेवायला वाढणाऱ्या माणसाचं काम समजा. इंजिन गरजतं, चाकं पळतात, कौतुक त्यांचं होतं; पण मी वाढलं नाही तर दोघंही जागची हलणार नाहीत. हे मी तोऱ्यात सांगतो आहे असं वाटत असेल, तर बरोबरच वाटतं आहे.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं त्याच कारखान्यात ओतली गेली. बाहेरून आम्हाला तासूनपुसून नीट केलं, पण आत डोकवायला कोणाला सवड होती? वाळूचे खडबडीत ठसे पोटात तसेच राहिले. शिवाय माझ्या पायांची भोकं इंजिनाच्या भोकांशी नीट जुळत नव्हती. प्रत्येक जोडावर एक छोटा उंबरठा उरला होता आणि हवा त्याला ठेचकाळून पुढे जायची. सपाट रस्त्यावर त्यामुळे काही अडत नव्हतं, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आमची निळी गाडी एका ताईंची. त्यांनी ती बरीच वर्षं वापरली आणि मग लेकीला दिली. लेक बसचालकांना गाडी शिकवते. हात मोठा सफाईदार. तिने काय करावं, तर आम्हाला टेकडी चढण्याच्या शर्यतीत उतरवलं! त्या शर्यतीत जुन्या गाड्यांचा वेगळा गट असतो. त्याचा नियम एकच, घासायचं तेवढं घासा, पण इंजिनाला नवीन काही बसवायचं नाही. पहिल्याच वर्षी आम्ही तिसऱ्या वळणावर धापा टाकत थांबलो. ट्रॅक्टरने ओढून खाली आणलं आणि टाळ्या ट्रॅक्टरला मिळाल्या.

ताईंचा चेहरा लाल झाला. त्या लेकीला म्हणाल्या, "पुढच्या वेळी वर पोचली तर गाडी तुझी. नाहीतर सरळ भंगारात. आपलं एकदा हसं झालं तेवढं पुरे."

लेकीचा जीव गाडीत अडकलेला. ती तडक मामाच्या गॅरेजात आली. मामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ.

"मामा, हिला जरा ताकद मिळेल असं कर ना. खर्च मात्र बेताचा हं."

मामांनी बॉनेट उघडलं, सगळीकडे पाहिलं आणि माझ्यावर टिचकी मारली. "इंजिन दमदार आहे गं. त्याला श्वास पुरत नाही. याचं पोट साफ करू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे निरखून पाहत होतं! मामांनी मला सोडवलं, धुतलं. इंजिनाच्या भोकांवर बेतलेलं पॅकिंग माझ्या पायांवर ठेवलं आणि खिळ्याच्या टोकाने रेघ ओढली. रेघेपर्यंतच घासायचं. रेघ ओलांडली की भिंत पातळ होऊन भोक पडणार, आणि मग मी कायमचा बाद. कानस फिरायला लागली तेव्हा मी जीव मुठीत धरून बसलो होतो. पण मामांचा हात एकदाही घसरला नाही. चारही उंबरठे गेले.

आतल्या वळणापर्यंत मात्र मामांची जाडजूड बोटं पोचेनात. शेजारीच मामींचं भांड्यांना पॉलिश करून देण्याचं दुकान. मामांनी मला त्यांच्या हाती दिलं आणि म्हणाले, "जरा आतून हात फिरव."

आता मामींना 'जरा' सांगणं म्हणजे काय, हे मामांना संसार करून कळायला हवं होतं. आपल्या दुकानातून काळवंडलेली वस्तू बाहेर जाणार नाही, असा त्यांचा बाणा. त्यांनी बारीक काठीला फडकं गुंडाळलं, लेप लावला आणि मला आतून असं घासलं की आरसा लाजावा. मी तर हवेतच होतो! भावंडांपैकी कोणाचं पोट असं चमकलं असेल?

अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. मला बसवून गाडी चढावर नेली. वेगात ती सुसाट गेली, पण वेग कमी होताच खोकली, आचके दिले आणि बंद पडली. मामांनी प्लग पाहिले, कार्बोरेटर साफ केला. तरी तेच. शेवटी मला उघडलं, तर माझ्या तळाशी पेट्रोलचे ओघळ!

"माझंच चुकलं," मामा कपाळाला हात लावून म्हणाले. "खरखरीत भिंतीशी हवा घुसळते आणि थेंब उचलून नेते. काचेसारख्या भिंतीवर थेंब एकत्र होऊन ओघळतात. मग एका सिलिंडरला पूर, दुसऱ्याला दुष्काळ."

"मग परत खरखरीत कर," भाची म्हणाली.

"तिथवर हात फक्त तुझ्या मामीचा पोचतो. तिला सांगणार कोण?"

सांगायला मामाच गेले. आधी हवापाण्याच्या गप्पा, मग गिऱ्हाइकांची चौकशी.

"अहो, ताकाला जाऊन भांडं लपवू नका," मामी म्हणाल्या. "काय बिघडलंय?"

"तुझं पॉलिश. म्हणजे, फारच चांगलं झालंय."

मामींनी मला उजेडात धरलं आणि बराच वेळ आत पाहिलं. "आयुष्यभर लोकांचे ओरखडे घालवले मी. आता स्वतःच्या हाताने पाडू?" त्यांनी मला फळीवर ठेवून दिलं. खरं सांगतो, मित्रांनो, मी मनातून त्यांच्याच बाजूने होतो. हाती आलेली चकाकी कोणाला सोडवते?

दारात उभी असलेली भाची हळूच म्हणाली, "राहू दे मामी. आईला सांगते, गाडी घेऊन जा म्हणावं." बोलताना तिने तोंड फिरवलं.

मामींनी तिच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि मामांना म्हणाल्या, "घासायचा पेपर कुठला घेऊ, ते सांगा."

त्यांचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. पॉलिश करावं तितक्याच निगुतीने त्यांनी मला खरखरीत केलं. सगळीकडे सारखं, एकही ओरखडा दुसऱ्यापेक्षा खोल नाही. त्या हातांचा मला जितका अभिमान वाटला, तितका चकाकीचाही कधी वाटला नव्हता.

शर्यतीत तिसरं वळण आलं. भाचीने गियर उतरवला, वेग पडला. मी भरभरून श्वास घेतला आणि चौघांना सारखं वाढलं. कुठे खोकला नाही, आचका नाही. पुढच्या दोन गाड्या मागे टाकून आम्ही माथ्यावर पोचलो! पहिला नंबर दुसऱ्याच कोणाचा तरी आला, पण ते कोणाला आठवतं?

नवीन काही बसवलं नाही ना, हे पाहायला शर्यतीच्या तपासनीसांनी कार्बोरेटर काढून माझ्यात टॉर्च मारला. "काम छान आहे. पॉलिश तेवढं राहिलं वाटतं?"

"राहिलं नाही," मामी ताठ मानेने म्हणाल्या. "केलं होतं. आम्हीच काढलं."

ताई गाडीभोवती फिरल्या. मग लेकीपुढे हात केला. "किल्ली दे. खाली मी नेते. आणि लक्षात ठेव, गाडी तुझी आहे. मी फक्त मागून घेतेय."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू धापा टाकायला लागली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा तिच्या आत डोकावा. तिची काळजी जरूर घ्या, पण आपल्याला काय आवडतं ते बाजूला ठेवून तिला काय हवं ते बघा. मामींना ते जमलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.