येथे प्रात्यक्षिक झाले

शाळेला मिळालेली वस्तू कपाटात ठेवायची आणि साहेब येणार म्हटलं की बाहेर काढायची, ही पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. नाशिक रोडच्या एका प्राथमिक शाळेत १९८६ साली असंच झालं. एका संस्थेने शाळेला संगणक दिला. मुख्याध्यापक खंडेराव गुरुजींनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. चार महिने ते उघडलं नाही.

गुरुजी त्याच संस्थेच्या, संगणकाच्या सहा दिवसांच्या शिक्षक-शिबिराला जाऊन आले होते. नोकरीत सगळ्यांत जुने, म्हणून त्यांचंच नाव गेलं. आता संस्थेचं पत्र आलं. शनिवारी आमचे अधिकारी येतील. शिक्षकांनी संगणकावर धडा घेऊन दाखवावा, नाहीतर संगणक दुसऱ्या शाळेला देण्यात येईल.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी चौथीच्या लताबाईंना बोलावलं. बाई नव्या, अजून नोकरीत कायम झालेल्या नव्हत्या.

"बाई, इथे सही करा. साक्षीदार म्हणून."

कागदावर लिहिलं होतं, 'संगणक नादुरुस्त आहे.'

"बिघडला कधी, गुरुजी?"

"चालत नाही."

"पण चालू केलाच कुठे आपण?"

"तुम्हाला कायम व्हायचंय ना?" गुरुजींचा आवाज चढला. "मग चौकशा कशाला करता?"

लताबाईंनी पेन खाली ठेवलं.

"खोट्यावर मी सही करणार नाही. उद्या हे मशीन टेम्पोत चढलं तर आमच्या पोरांना परत कधी दिसणार? तुमची शिबिराची वही द्या. मी वाचून बघते."

गुरुजींनी वही जवळजवळ फेकलीच. अक्षर मोत्यासारखं. तांबड्या शाईने मथळे. संगणकाचा इतिहास, संगणकाचे फायदे. पण संगणक चालू कसा करायचा, त्या पानावर एकच ओळ होती, 'येथे प्रात्यक्षिक झाले.' पुढच्या पानावरही तेच.

"गुरुजी, तुम्ही स्वतः बटणांना हात लावला होता का?"

गुरुजी एकदम ओरडले, "नाही लावला! शिकवायला पंचवीस वर्षांचा पोरगा. शेजारी तुमच्या वयाच्या बाया. चुकलो असतो तर हसल्या असत्या. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, बाई! मला येत नाही. झालं समाधान?"

लताबाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

"काकू गेल्यावर स्टो पेटवायला कोणाकडून शिकलात?"

गुरुजींची पत्नी मैना जाऊन सात महिने झाले होते. शाळेत तिचा विषय कोणी काढत नसे.

"शेजारच्या कुसाबाईकडून."

"पहिल्याच दिवशी जमलं?"

"कुठलं! भडका उडाला. मिशी जळाली."

"त्या हसल्या?"

"लय हसली. पण दुसऱ्या दिवशी परत आली शिकवायला."

"मग झालं तर. पोटासाठी शिकलात, आता पोरांसाठी शिका. येत मलाही नाही. दोघं मिळून बसू."

गुरुजींनी कपाट उघडलं. सोबत आलेली इंग्रजी पुस्तिका बाई वाचत होत्या, गुरुजी वायरी जोडत होते. पडदा उजळला. गुरुजींनी पुस्तिकेत बघून एका बोटाने अक्षरं दाबली, आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं, चूक! त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"चूक म्हणतंय नुसतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखी छडी तर मारत नाही ना?"

गुरुजी हसले. अकरा वेळा चूक आली. बाराव्यांदा संगणकाला जोडलेल्या टेपरेकॉर्डरमधली धड्याची कॅसेट फिरली आणि पडद्यावर गणित आलं. सात आठे किती?

शनिवारी सकाळी वर्ग भरला. अधिकारी मागे बसले. गुरुजींनी अक्षरं दाबली. चूक! मुलं फिदीफिदी हसली. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

"हसा," गुरुजी मुलांना म्हणाले. "मी पण कालच शिकलोय."

त्यांनी पुन्हा सावकाश दाबलं. गणित आलं! पहिल्या बाकावरच्या मुलीने छप्पन्न दाबले आणि सगळा वर्ग ओरडला.

"शिबिरात चांगलं शिकवलेलं दिसतं," अधिकारी म्हणाले.

"नाही साहेब. शिबिरात मी नुसतं उतरवून घेतलं. शिकवलं ते ह्या लताबाईंनी. पुढच्या शिबिराला त्यांना बोलवा. आणि प्रत्येकाचा हात बटणाला लागल्याशिवाय कोणाला प्रमाणपत्र देऊ नका." गुरुजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे माझं. परत घ्या."

अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र घेतलं. संगणक मात्र शाळेतच राहिला.

मित्रहो, नवी यंत्रं येतच राहणार. शिक्षकाला 'मला येत नाही' म्हणायची लाज वाटली, की नुकसान त्याचं एकट्याचं होत नाही, पुढ्यात बसलेल्या सगळ्या वर्गाचं होतं. ज्याला शिकवायचं आहे, त्याने आधी चारचौघांत चुकायला शिकावं.