तेरा आकड्याचं पान

२०१९ साली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. ही गोष्ट पहिल्या येळवशीची. इतर मुलखात अवस टाळतात. लोहाऱ्याकडची माणसं मात्र मार्गशीर्षातल्या या अवसेला घरांना कड्या घालून रानात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात आणि येईल त्याला भज्जी-आंबील वाढतात.

उमाबाईंच्या रानात जेवणं उरकली होती. नात श्रीदेवीचं ताट मात्र तसंच होतं. सोलापुरात ती डोळे तपासायचं शिकून आली होती आणि आजोबांच्या बंद शिवणदुकानात तिला चष्म्याचं दुकान घालायचं होतं. आजोबा वीरप्पा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दुकानाला कुलूपच. किल्ली उमाबाईंच्या कमरेला. "येळवशीला सांगतो," असं तिचे वडील कल्याणप्पा महिनाभर म्हणत होते. आज सांगायची वेळ आली, तर त्यांनी ते पुण्याहून आलेल्या बहिणीवर ढकललं. महानंदा टॅरोचे पत्ते काढून भविष्य बघायची.

"इचार तुझ्या पत्त्यांना," कल्याणप्पा म्हणाले. "चांगलं निघालं तर दुकान. न्हाय तर ऱ्हाऊ दे कुलूप."

महानंदानं सतरंजीवर पत्ते पसरले. श्रीदेवीनं एक उचलला. त्यावर हाडांचा सापळा होता, हातात लांब दांड्याचा विळा. वर तेरा आकडा, खाली नावाची जागा कोरी.

"ह्याला नाव का न्हाय?" कल्याणप्पांनी विचारलं.

"घ्यायचं नसतं म्हणून, अण्णा. मृत्यू आहे तो."

"झालं तर. अप्पांच्या जागेत असलं इपरीत नको."

श्रीदेवी उठून कोपीबाहेर गेली. उमाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू ते पान."

डोळ्यांवरचा चष्मा नातीनंच नंबर काढून दिलेला. पत्ता उन्हात धरून त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"महानंदे, ही जमीन कसली गं?"

"काळी. म्हणजे शोक, अंधार..."

"पुण्याला जाऊन तुला काळी जमीन शोकाची दिसाय लागली व्हय? हितंच बसून आता हिच्यातल्याच ज्वारीचे तीन उंडे हाणलेस की."

कल्याणप्पांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"आन हे जमिनीतनं वर आलंय ते?"

"कोंब असतील, अव्वा."

"असतील न्हाय, हायतच. ज्वारी कापल्यावर बुडख्याला फुटवा येतो तसे. हा काढणीचा गडी हाय. सुगी हाय ही."

"अव्वा, पर नुसती हाडं हायत त्याची," कल्याणप्पा म्हणाले.

"सुगीत तू कसा दिसतोस, बायकोला इचार."

"आन ही कापलेली मुंडकी? एकाला मुकुट बी हाय."

उमाबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. दर सोमवारी त्या दुकान झाडायच्या, मशीनला तेल घालायच्या. सुईखाली वीरप्पांचा अर्धा शिवलेला सदरा तसाच होता. त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. लेक निर्णय लांबवत होता तेव्हा मनातून त्यांना बरंच वाटलं होतं.

"काय कापायचं ऱ्हायलंय ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली सोडली. "श्रीदेवी, हिकडं ये. धर."

महानंदाची मान खाली गेली. "जुनं संपून नवं सुरू होतं, असाच अर्थ आहे याचा. मी अर्धाच सांगितला. अप्पांचं दुकान मलाच तसंच हवं होतं."

"मग चल, उघडायला तू बी ये," उमाबाई म्हणाल्या.

"आज? अवसेला?" कल्याणप्पा दचकले.

"अवसेलाच जेवलास न्हवं?"

ऊन उतरायच्या आत सगळी दुकानासमोर उभी होती. श्रीदेवीनं कुलूप काढलं. रानातून परतणारी माणसं थांबली, कुणी पिकावर शिंपतात तशी उरलेली आंबील उंबऱ्यावर शिंपडली. उमाबाईंनी सुई वर उचलली, सदरा ओढून काढला आणि लोंबणारा दोरा दातानं तोडला. मग नातीला म्हणाल्या, "तुझी अक्षरांची पाटी कुठं लावायची, तेवढं सांग."

दुसऱ्या येळवशीपर्यंत पंचक्रोशीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या नाकावर श्रीदेवीचे चष्मे होते. पुढं तिनं उमरग्याला दुसरं दुकान घातलं. नजर शाबूत असल्याचं सांगणाऱ्या कल्याणप्पांना पाटीवरच्या खालच्या तीन ओळी वाचता आल्या नाहीत. आता ते गल्ल्यामागं बसून गिऱ्हाइकांच्या काचा पुसतात. तो सदरा उमाबाईंनी स्वतः पुरा केला आणि लेकाला घातला. बाह्या थोड्या आखूड झाल्या. महानंदा अजून पत्ते बघते, पण तिच्या जोडात एक कमी आहे. ते पान लोहाऱ्यात, दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली आहे, खालच्या कोऱ्या जागेत उमाबाईंच्या वाकड्या अक्षरात लिहिलेल्या 'सुगी'सकट. उमाबाई २०२३ साली, ज्वारी खळ्यावर आली असताना गेल्या. त्या सकाळीही पेपर त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवला होता.