स्क्रूवरचा ओरखडा

मी चिमटा बोलतोय. चुलीपुढचा नव्हे, बरं का, डोळ्यांच्या दवाखान्यातला. लेसरने चष्म्याचा नंबर घालवताना पापण्या मिटू नयेत म्हणून त्या उघड्या धरायच्या, एवढंच माझं काम.

मला घडवणारा कारागीर हाताचा चोख आणि जिभेचा गोड. पापण्या ताणून धरणारा स्क्रू हातमोज्यातून निसटतो, अशी डॉक्टरांची तक्रार असायची. त्याने माझ्या स्क्रूला चांगलं टपोरं डोकं बसवलं. वापरणाऱ्याच्या बोटांना पटलं की माल खपलाच, हे त्याचं शास्त्र. हातोहात खपलो मी. ते डोकं डोळ्याजवळ नेमकं कुठे येतं, हे मात्र कोणी पाहिलं नाही.

मोठ्या डोळ्यांवर निभावून गेलं. मग आले रंगारीकाका. परांचीवर उभं राहून भिंती रंगवायचे आणि चष्मा सतत घसरायचा. एकदा तो वाचवताना स्वतःच खाली यायचे राहिले होते. त्यांचे डोळे खोल आणि बारीक.

डोळा हलू नये म्हणून त्यावर बसवलेल्या चकतीने तो घट्ट धरला. तिच्यावरून पात्याचं यंत्र सरकू लागलं. बुबुळावरचा पातळ पापुद्रा कापून बाजूला उचलायचा, मग लेसर मारायचा, अशी रीत. पातं अर्ध्यावर गेलं आणि कट्ट करून अडलं. माझ्याच स्क्रूवर आदळलं ते. मला कळलं, पण चिमट्याचं ऐकतो कोण?

डॉक्टरबाईंनी पातं मागे घेतलं, पापुद्रा जागेवर बसवला, लेसर रद्द केला. काका, तुम्ही हललात, असं म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं.

जखम भरेपर्यंत तीन महिने थांबायचं होतं. काकांनी ते न हलण्याचा सराव म्हणून भिंतीवरच्या खिळ्याकडे एकटक बघत काढले. घड्याळ लावून बसलेली बायको म्हणायची, लग्नात एवढं स्थिर बसला असतात तर एक तरी फोटो धड आला असता.

दुसऱ्यांदा टेबलावर आले तेव्हा घामाने निथळत होते.

"सिस्टर, माझं डोकं बांधून टाका. मागच्या खेपेला मीच घात केला."

"तुम्ही हललात, हे कशावरून?"

"मॅडम म्हणाल्या ना."

सिस्टर मला उचलणार होत्या, त्या थबकल्या. काका हलले नसतील, तर पातं अडलं कशावर? त्यांनी मला उजेडात फिरवलं, मग सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. स्क्रूच्या डोक्यावर सरळ, चकचकीत ओरखडा. डॉक्टरबाईंनी यंत्र माझ्याशेजारी धरून पाहिलं. त्याची कड ओरखड्यावर तंतोतंत बसली.

खराब माल गुपचूप बदलणारे मी पुष्कळ पाहिलेत. डॉक्टरबाईंनाही ते जमलं असतं. दुसरा चिमटा मागायचा, संपलं. तो त्यांनी मागितलाच, बिनस्क्रूचा, बारीक तारेचा. पण त्याला हात लावण्याआधी काकांकडे वाकल्या.

"काका, त्या दिवशी तुम्ही हलला नव्हतात. आमचा चिमटा आडवा आला. चूक माझी होती, ती मी तुमच्यावर ढकलली."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मग डोकं बांधू नका," म्हणाले.

पातं निघालं. मी तबकात पडून श्वास रोखला होता. ते टोकापर्यंत गेलं आणि सुखरूप परत आलं.

आता मी कारागिराकडे निघालोय, सोबत स्क्रूच्या डोक्याबद्दल डॉक्टरबाईंची चिठ्ठी आहे. एवढंच सांगतो: तुमचं कधी अशा टेबलावर काही अडलं, तर लगेच स्वतःला बोल लावू नका. आधी आम्हाला तपासायला सांगा. आम्ही लोखंडाचे, आम्हाला राग येत नाही.